आमदार-खासदारांचा निधी आणि आरोग्याची खतावणी

आपल्या शहरातून किंवा आसपासच्या कोणत्याही तालुक्याच्या गावातून फेरफटका मारला, तर एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. सभामंडप, व्यायामशाळा, बसथांब्याचे छप्पर, रुग्णवाहिका, रुग्णालयातील एखादी नवी खोली, ह्यांवर कोणा ना कोणा लोकप्रतिनिधीचे नाव कोरलेले किंवा रंगविलेले असते आणि त्याखाली 'स्थानिक विकास निधीतून' अशी अक्षरे असतात. नाव ठळक, निधीचा उल्लेख त्याहून लहान, आणि रक्कम लिहिलेली असलीच तर ती अगदी बारीक. ह्या बारीक अक्षरांविषयी, आणि त्यातही आरोग्याच्या कामी खर्च होणाऱ्या रकमेविषयी, आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु घरातील वृद्ध माणसाच्या छातीत अपरात्री कळ यावी आणि आरोग्य केंद्राच्या आवारात उभी असलेली रुग्णवाहिका चालकाअभावी जागची हलू नये, असा प्रसंग आला म्हणजे हाच रूक्ष विषय आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. गाडी आहे, तिच्यावर नाव आहे, कागदोपत्री रक्कम पूर्ण खर्च झालेली आहे, आणि तरीही गाडी चालत नाही. ह्यात चोरी झालीच असेल असे नव्हे. प्रत्येक कार्यालयाने आपापले काम चोख केलेले असूनही असे घडू शकते. म्हणूनच हा प्रश्न केवळ सचोटीचा नसून हिशेब मांडण्याच्या रीतीचा आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. लोकप्रतिनिधींच्या स्वतःच्या औषधोपचारावर सरकार जो खर्च करते, तो आजचा विषय नव्हे. आपला विषय आहे तो त्यांच्या शिफारशीने जनतेच्या आरोग्यासाठी खर्च होणारा पैसा.

हा पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट खासदारांची. २३ डिसेंबर १९९३ रोजी, पंतप्रधान नरसिंह राव ह्यांच्या कारकीर्दीत, खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराच्या वाट्यास ५ लाख रुपये आले. पुढच्याच वर्षी ही रक्कम १ कोटी झाली, १९९८-९९ मध्ये २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी. दुसरी वाट आमदारांची. महाराष्ट्रात आमदार स्थानिक विकास कार्यक्रम चालतो, आणि २०२२ च्या मार्च महिन्यात जाहीर झालेल्या वाढीनंतर त्यातही प्रत्येक आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये ठेवले जातात. राज्यात विधानसभेच्या जागा २८८ आणि विधानपरिषदेच्या ७८, म्हणजे एकूण ३६६.

आता हा आकडा आपल्या जिल्ह्यापुरता पाहू. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत: शहरातील पूर्व, पश्चिम व मध्य हे तीन, आणि सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, गंगापूर, वैजापूर व पैठण. नऊ पंचे पंचेचाळीस, म्हणजे विधानसभेच्या सदस्यांपुरतेच वर्षाला ४५ कोटी रुपये झाले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२ होती. त्या हिशेबाने माणशी सुमारे १२० रुपये पडतात, आणि ह्यात रस्ते, गटारे, सभागृहे, शाळाखोल्या सर्व काही आले. आरोग्याच्या वाट्यास येतो तो ह्यातील एक भाग.

मग एवढ्याशा रकमेसाठी एवढी उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा पैसा थोडा असला तरी चपळ असतो. सरकारी आरोग्यसेवेचा मोठा पैसा वेतन, औषधे आणि चालू इमारती ह्यांत आधीच गुंतलेला असतो. एखाद्या ग्रामीण रुग्णालयास क्ष-किरण यंत्र हवे असेल, रुग्णवाहिका हवी असेल, तर ते पुष्कळदा लोकप्रतिनिधीच्या निधीतून लवकर मिळते. परंतु ह्याच चपळपणात त्याची दुर्बलताही आहे. हा निधी मुळात वस्तू उभी करण्यासाठी आहे. खासदार निधीच्या नियमांप्रमाणे आवर्ती खर्च, म्हणजे पगार, इंधन, दुरुस्ती, त्यातून भागविता येत नाही, आणि आमदार निधीचे सूत्रही मुख्यतः हेच. गाडी एका खात्याच्या पैशाने येते. तिचा चालक आणि तिचे डिझेल दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेले असते.

येथे कामाची पद्धत ध्यानात घेणे अवश्य आहे. सामान्य समजूत अशी असते की, आमदार-खासदारांच्या हाती पाच कोटी रुपये दिले जातात. वस्तुतः त्यांच्या हातात एक रुपयाही जात नाही. ते केवळ शिफारस करतात. ती शिफारस जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. काम नियमात बसते की नाही हे पाहून त्यास प्रशासकीय मान्यता मिळते. अंदाजपत्रक तपासून तांत्रिक मान्यता होते. मग सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा तत्सम यंत्रणेकडे ते सोपविले जाते, आणि देयक मंजूर झाल्यावर पैसा पुरवठादारास पोहोचतो. ६ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भीम सिंग खटल्यात खासदार निधीची योजना वैध ठरविली. खासदार केवळ शिफारस करतो, अंमल सरकारी यंत्रणा करते, आणि उत्तरदायित्वाच्या अनेक पायऱ्या योजनेत आहेत, हे त्या निकालामागील महत्त्वाचे कारण होते. तत्पूर्वी, २००७ मध्ये, दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने हे निधी बंदच करावेत अशी शिफारस केली होती. योजना असावी की नसावी हा वाद आज मी बाजूस ठेवतो. न्यायालयाने ज्या उत्तरदायित्वाचा आधार घेतला, ते नागरिकास प्रत्यक्ष पाहता येते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या जुन्या व्यापारी पेढ्यांवर दोन वह्या असत: कीर्द आणि खतावणी. ज्या दिवशी जो व्यवहार झाला, तो त्या दिवसाच्या पानावर क्रमाने मांडला जाई, ती कीर्द. पुढे तेच व्यवहार उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर बसविले जात, ती खतावणी. कीर्द पाहून 'आज काय खर्च झाले' हे कळे. 'अमक्याकडे आपले किती येणे, किती देणे' हे जाणावयाचे तर खतावणीच उघडावी लागे. नुसत्या कीर्दीवर चालणारी पेढी फार दिवस टिकत नसे.

लोकप्रतिनिधींच्या निधीचे आज नेमके असेच झाले आहे. जे काही प्रसिद्ध होते, ती कीर्द आहे. अमुक खासदारास किती रक्कम उपलब्ध होती, त्यांनी किती कामे सुचविली, किती मंजूर झाली, किती टक्के खर्च झाला, हे कळते. २०२३ च्या एप्रिलपासून खासदार निधीचे सर्व व्यवहार ई-साक्षी नावाच्या एकाच संगणकीय व्यवस्थेत आणले गेले, आणि हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. आमदार निधीचा तपशील मात्र मुख्यत्वे जिल्ह्याजिल्ह्यांच्या नियोजन कार्यालयांत विखुरलेला असतो. पण दोन्हीकडे खाते आहे ते देणाऱ्याच्या नावाने. घेणाऱ्याच्या नावाने, म्हणजे रुग्णालयाच्या नावाने, खाते कोठे आहे? 'ह्या प्राथमिक आरोग्य केंद्रास गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या निधीतून काय काय मिळाले, आणि त्यातील आज काय चालू आहे?' ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर एका पानावर मिळत नाही. कीर्द आहे, खतावणी नाही.

हे विखुरलेपण किती असते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, सिल्लोड तालुक्यातील एखाद्या आरोग्य केंद्रात एक रुग्णवाहिका उभी आहे आणि ती कोणाच्या निधीतून आली हे तेथील गृहस्थास जाणावयाचे आहे. ती आमदाराच्या निधीतील असेल, तर चौकशी संभाजीनगरच्या जिल्हा नियोजन कार्यालयात करावी लागेल. खासदाराच्या निधीतील असेल, तर आणखी एक पेच आहे. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे तीन विधानसभा मतदारसंघ आपल्या महसुली जिल्ह्यात असले, तरी लोकसभेसाठी ते जालना मतदारसंघात मोडतात. खासदार आपल्या निधीसाठी एक जिल्हा नोडल म्हणून निवडतो आणि हिशेबाचे सूत्र तेथून हलते. तेव्हा आपल्या गावच्या गाडीचा कागद शेजारच्या जिल्ह्याच्या दप्तरात असू शकतो. राज्यसभेच्या सदस्याने ती दिली असेल, तर त्यांना राज्यात कोठेही काम सुचविण्याची मुभा आहे. विधानपरिषदेतही स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघ औरंगाबाद व जालना मिळून आहे, आणि पदवीधर व शिक्षक मतदारसंघ तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांवर पसरलेले आहेत. आणि ती गाडी ह्यांपैकी कोणाचीच नसून, २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या राज्यव्यापी सेवेतीलही असू शकेल. तिचे दप्तर तर सर्वस्वी निराळे.

अर्थसंकल्प उघडून पाहावा, तर तेथेही वाट सरळ नाही. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च शोधणारा अभ्यासक महसुली खर्चासाठी २२१० आणि भांडवली खर्चासाठी ४२१० ह्या लेखाशीर्षांकडे वळतो. पण खासदार निधीची तरतूद केंद्रात सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाकडे आणि आमदार निधीची राज्यात नियोजन विभागाकडे असते. आरोग्य खात्याच्या मागणीत ती दिसत नाही. म्हणजे यंत्र रुग्णालयात बसते, पण आरोग्याच्या हिशेबात बसत नाही.

ह्या व्यवस्थेची खरी परीक्षा करोनाच्या साथीत झाली. ६ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने खासदार निधी दोन वर्षांसाठी स्थगित केला आणि त्यातून वाचणारे सुमारे ७,९०० कोटी रुपये भारताच्या संचित निधीत वळविण्याचे ठरविले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये योजना पुन्हा चालू करून त्या वर्षाच्या उरलेल्या काळासाठी प्रत्येकी २ कोटी रुपये देण्यात आले. महाराष्ट्राने आपल्या आमदार निधीबाबत उलट मार्ग धरला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, आमदारांना आपल्या निधीपैकी १ कोटी रुपयांपर्यंत रक्कम साथीच्या उपाययोजनांवर खर्च करण्याची मुभा देण्यात आली. केंद्राने पैसा एका मोठ्या हौदात ओतला. राज्याने तो शेकडो लहान पाटांनी सोडला. दोन्ही मार्गांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु हिशेबाच्या दृष्टीने परिणाम एकच झाला. हौदात पडलेल्या पाण्यातील आपली घागर कोणती हे ओळखता येत नाही; आणि शेकडो पाटांनी गेलेले पाणी कोणत्या वाफ्यात मुरले, हे शोधावयास शेतभर हिंडावे लागते.

ह्याच काळात आपल्या शहरात घडलेली एक घटना ह्या संदर्भात विचारार्ह आहे. ती लोकप्रतिनिधींच्या निधीची नव्हे, हे आधीच सांगतो; पण धागा तुटला म्हणजे काय होते हे तिच्यावरून चांगले उमगते. १९५६ पासून उभ्या असलेल्या आणि अवघ्या मराठवाड्यास आधार असलेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे घाटी रुग्णालयात, केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने करोनाविषयक प्रकरणाची स्वतःहून दखल घेऊन चालविलेल्या सुनावणीत त्यांचा हिशेब निघाला. १७ यंत्रे घाटीत लावली, ४१ खाजगी रुग्णालयांस दिली, ५५ इतर जिल्ह्यांत पाठविली, आणि ३७ पेटीतून काढलेलीच नव्हती. जी ११३ वापरावयास काढली, ती सदोष आढळली, असे न्यायालयासमोर सांगण्यात आले. ही यंत्रे पीएम केअर्स निधीतून आली, अशी सर्वत्र समजूत होती. केंद्राकडून मात्र ती त्या निधीच्या पैशातील नाहीत असे सांगण्यात आले. दोष यंत्रांचा की ती बसविण्याचा व हाताळण्याचा, ह्यावरही मतभेद झाला.

श्रोतेहो, ह्या प्रसंगातील मर्म पाहा. यंत्रे किती, कोठे, चालू किती, बंद किती, ह्याचा ताळेबंद लोकांपुढे यावयास उच्च न्यायालय लागले. आणि पैसा कोणत्या पिशवीतून आला, ह्याविषयी तर मागाहून खुलासा करावा लागला. प्रत्येक यंत्राच्या नावाने एक ओळ पहिल्या दिवसापासून उघडपणे लिहिली गेली असती, तर हा वाद न्यायालयात जाण्यापूर्वीच पुष्कळसा मिटला असता. रुग्णाच्या नातलगास तर त्या रात्री एवढेच हवे होते की, चालू यंत्र कोठे मिळेल.

अशी ओळ लिहिण्यास नियमांची आडकाठी आहे काय? मुळीच नाही, उलट नियम तेच सांगतात. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कामाच्या जागी फलक लावावयाचा असतो, आणि पूर्ण झालेल्या व चालू कामांची यादी जिल्हा यंत्रणेने लोकांस पाहावयास ठेवावयाची असते. निर्माण झालेल्या मत्तांची नोंदवही ठेवणेही अपेक्षित आहे. परंतु भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००४ ते २००९ ह्या पाच वर्षांच्या कामांची तपासणी केली, तेव्हा नमुन्यादाखल निवडलेल्या जिल्ह्यांपैकी बहुतेकांत अशी नोंदवहीच नीट ठेवलेली नव्हती. फलक लागला, वही राहिली. फलकावर नाव असते, वहीत हिशेब असतो. कोणते काम अगोदर उरकले जाते, हे निराळे सांगावयास नको.

कायदाही नागरिकाच्या बाजूस आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा अंमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा की, प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपल्या योजना, अंदाजपत्रके आणि दिलेल्या रकमा कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध कराव्यात. अर्ज हा मूळ मार्ग नव्हे; कार्यालयाने आपले कर्तव्य न केल्यास धरावयाची ती आडवाट आहे. आपण मात्र आडवाटेलाच राजमार्ग समजून बसलो आहो.

हिशेब उघड मांडल्याने फरक पडतो, असा अनुभव इतरत्र आलेला आहे. राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेने गावच्या कामांची बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखविली. हीच जनसुनवाईची सुरुवात. पुढे आपल्याच महाराष्ट्रात, २००७ पासून, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम पाच जिल्ह्यांत सुरू झाला; त्यांत मराठवाड्यातील उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, होते. गावातील लोक सेवेची तपासणी करून तिला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत आणि ते पत्रक सर्वांस दिसेल असे लावीत. परदेशचे उदाहरण घ्यावयाचे तर आफ्रिकेतील युगांडाचे प्रसिद्ध आहे. १९९१ ते १९९५ ह्या काळात तेथे शाळांसाठी मंजूर झालेल्या अनुदानापैकी सरासरी केवळ १३ टक्के शाळांपर्यंत पोहोचत असल्याचे आढळले. सरकारने प्रत्येक हप्त्याची रक्कम वर्तमानपत्रांत छापण्यास आरंभ केला आणि शाळेच्या भिंतीवरही सूचना लावविली. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. त्या सुधारणेस इतर कारणेही होती असे अभ्यासक सांगतात, आणि ते खरेच असेल. पण माहिती राजधानीतील तक्त्यात न ठेवता शाळेच्या दारावर आणली, ही गोष्ट त्यातली शिकण्यासारखी आहे.

ह्यावर दोन-तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, माहिती तर संकेतस्थळावर आहेच. ती आहे, परंतु टक्केवारीची माहिती उपयोगाच्या माहितीची जागा घेऊ शकत नाही. उलट केवळ टक्क्यांचीच वाहवा किंवा निंदा होऊ लागली, म्हणजे मार्च अखेर कशीबशी खरेदी उरकण्याची प्रवृत्ती बळावते. ज्याने शंभर टक्के रक्कम खर्चून चार बंद यंत्रे दिली तो पहिला, आणि ज्याने साठ टक्क्यांत दोन चालती यंत्रे दिली तो मागे, असा उफराटा क्रम लागतो.

दुसरा आक्षेप असा की, ह्या माहितीचा वापर विरोधक राजकारणासाठी करतील. करतील खरा. परंतु खतावणी नसल्याने अधिक अन्याय प्रामाणिक लोकप्रतिनिधीवरच होतो. क्ष-किरण यंत्र त्याने दिले. तंत्रज्ञाचे पद भरणे शासनाचे काम. पद रिकामे राहिले की लोक दोष देतात तो यंत्रावर नाव असलेल्यास. एका ओळीत 'यंत्र आले, जागा तयार, तंत्रज्ञ नाही' असे लिहिलेले असेल, तर प्रश्न योग्य दारी जाईल.

तिसरा आक्षेप कामाच्या बोज्याचा. परंतु येथे नवे संशोधन करावयाचे नाही. मान्यतेचा आदेश, पुरवठादाराचे देयक आणि वस्तू ताब्यात घेतल्याची नोंद हे तिन्ही कागद तयार असतातच. ते एका क्रमांकाने जोडावयाचे, एवढेच. रुग्णांची नावे, त्यांचे आजार ही खाजगी बाब. ती कोणी मागत नाही, मागूही नये. पण यंत्राचे बिल ही कोणाची खाजगी बाब नव्हे.

तर मग ही खतावणी कशी असावी? प्रत्येक रुग्णालयाचे आणि आरोग्य केंद्राचे एक पान असावे. त्यावर मिळालेली प्रत्येक वस्तू एका ओळीत यावी: वस्तू कोणती, कोणाच्या शिफारशीने व कोणत्या निधीतून आली, मान्यता केव्हा मिळाली, मंजूर रक्कम किती व प्रत्यक्ष दिली किती, पुरवठा कोणी केला, ती केव्हा बसविली, चालविणारा माणूस नेमलेला आहे काय, देखभालीचा खर्च कोणाकडे, आणि शेवटी, आज ती चालू आहे की बंद. ह्यातील शेवटची तीन घरे सर्वांत महत्त्वाची आहेत, आणि सध्याच्या तक्त्यांत नेमकी त्यांनाच जागा नाही. हे पान संगणकावर असावेच, पण त्याची मराठी प्रत रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवरही असावी. कारण ज्यास त्याची सर्वांत अधिक गरज आहे, तो संकेतस्थळ नव्हे, भिंत पाहतो.

अशी व्यवस्था शासन करील तेव्हा करील. तोवर आपणांस काय करता येईल? आपल्या घरात वाचता-लिहिता येणारी माणसे आहेत, म्हणून हे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आपल्या नजीकच्या सरकारी दवाखान्यातील एकच वस्तू निवडावी. तिच्याविषयी तीन प्रश्न विचारावेत: कोणाच्या पैशाने आली, कोणाच्या ताब्यात आहे, आणि कोणाच्या खर्चाने चालते? राज्य शासनाने २०१८ च्या नोव्हेंबरात निर्णय काढून जिल्हा पातळीवरील कार्यालयांत व स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ नागरिकांस अभिलेख पाहण्यासाठी ठेवली. तिचा लाभ घ्यावा. तेथे काम न भागल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. त्यावर अपील करता येते, आणि दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ आपल्या शहरातच आहे. शोध घेताना एक ध्यानात ठेवावे: शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, पण जुने कागद 'औरंगाबाद' ह्याच नावाखाली आहेत, आणि लोकसभेचा मतदारसंघही त्याच नावाने नोंदलेला आहे. म्हणून दोन्ही नावांनी शोधावे.

हा अर्ज कोणास पकडण्यासाठी करावयाचा नाही. गृहिणी महिन्याच्या अखेरीस वाण्याची वही पडताळून पाहते, ती वाणी चोर आहे म्हणून नव्हे. वही पडताळली जाते हे दोघांस ठाऊक असले, म्हणजे व्यवहार आपोआप नीट राहतो म्हणून. सार्वजनिक पैशाचेही तसेच आहे. 'हिशेब कवडीचा, बक्षीस लाखाचे' असे आपले वाडवडील म्हणत आले. देणाऱ्याने उदार असावे, त्याच्या नावाची पाटीही खुशाल लागावी. पण कवडीचा हिशेब चुकता कामा नये.

सारांश, लोकप्रतिनिधीने किती दिले हे सांगणारी वही आपल्याकडे आहे. रुग्णास काय मिळाले हे सांगणारी वही अद्याप लिहावयाची आहे. आणि ती लिहिली जाईल ती, कोणी तरी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन शांतपणे 'ह्या गाडीचे पान दाखवा' असे म्हणेल तेव्हाच.